राख उपसल्यावर उरते ती चूल

उत्खननात घराची जमीन उघडी पडली आणि तिच्यात लालसर भाजक्या मातीचे वर्तुळ दिसले, तर ती चूल असावी हे कोणीही सांगेल. त्या चुलीत काय जळत होते आणि वर काय शिजत होते, हे सांगणे मात्र अवघड असते. रोज पेटणाऱ्या चुलीतली राखही वरचेवर उपसावी लागते. त्यामुळे चूल वर्षानुवर्षे वापरात असली, तरी संशोधकाच्या हाती बहुधा शेवटच्या काही दिवसांचीच राख लागते. बाकीचा पुरावा उकिरड्यात गेलेला असतो, नाहीतर चुलीच्या तळाशी मातीत मुरलेला असतो.

म्हणून राख आणि तिच्याखालची माती यांचा विटेएवढा सलग तुकडा, थर न विसकटता, कापून घेतात, राळेत मुरवून कडक करतात आणि त्याचा सुमारे ३० मायक्रॉन जाडीचा, प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. नुसत्या डोळ्यांना एकजीव दिसणारी राख इथे थराथरांनी सुटी होते, आणि मध्येच बारीक मातीची रेघ आली, की तिथे चूल नव्याने लिंपली होती हे कळते. जळणही ओळखू येते. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म गोलक तयार होतात. ते शेणातून बाहेर पडतात आणि आच फार चढली नसेल, तर राखेतही टिकतात. ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशात अशा प्रत्येक गोलकावर काळी फुली उमटते.

राखेखालचा काळा थर मात्र फसवा असतो. तो जळणाचा कोळसा वाटतो, पण अनेकदा ती विस्तवापूर्वीचीच जमीन असते आणि तिच्यातला पालापाचोळा, हाडांचे तुकडे वरच्या आचेने करपलेले असतात. त्यातले हाड पाहून ‘इथे मांस भाजले’ असे म्हणणे घाईचे ठरते.

चूल जागची हलत नाही, हेही उपयोगी पडते. मातीतले मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या वर तापले, की त्याचे जुने चुंबकत्व पुसले जाते आणि निवताना ते पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवते. ही दिशा काळानुसार बदलत असल्याने, ज्या प्रदेशातील बदलांचा आलेख तयार आहे, तिथे शेवटचा मोठा विस्तव केव्हाचा याचा अंदाज बांधता येतो. मडके घरभर फिरते. त्याच्याकडून ही दिशा मिळत नाही.

क्वचित राख उपसायची राहून जाते. ईशान्य जॉर्डनमधील शुबैका १ या स्थळी दगडांनी बांधलेल्या दोन अग्निकुंडांतून रोटीसारख्या पदार्थाचे करपलेले २४ कण तपासले गेले आणि २०१८ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही मिलिमीटरचे हे कण सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधीचे आहेत.

धुराचा माग तर चुलीबाहेरही लागतो. तुर्कस्तानातील चाताल ह्योयुक या सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीत छतातल्या झरोक्यातून शिडीने घरात उतरत, भट्टी बहुधा त्या शिडीजवळच असे आणि धूर त्याच झरोक्यातून बाहेर जाई. सगळाच जात नसे. भिंतींवरच्या गिलाव्याच्या दोन हातांमध्ये काजळीच्या रेघा सापडतात, आणि तिथे पुरलेल्या काही वयस्कर माणसांच्या फासळ्यांना आतल्या बाजूने कार्बनचा काळा थर चिकटलेला आढळला आहे.