घोडा छाप शाईपासून वर्ग १६ पर्यंत: शालेय छापील मालाच्या ट्रेडमार्कची पार्श्वभूमी

दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली, तेव्हा त्या मालावर नाव होते 'हॉर्स ब्रँड'. पुढे फाउंटन पेनची शाई आली ती 'कॅमल' नावाने, आणि कॅमल व इंक जोडून 'कॅमलिन' तयार झाले. घोडा, मग उंट, मग कुठल्याही कोशात नसलेला शब्द. शालेय मालाच्या धंद्यात नावांचा प्रवास बहुतेक ठिकाणी असाच झाला. जुने गिऱ्हाईक चित्र ओळखून 'अमुक छाप' मागायचे, म्हणून लेबलावर प्राणी, देव, फूल किंवा दिवा असे. विक्रीला हे सोयीचे होते, पण हक्क सांगायला अवघड, कारण घोडा कोणाच्याही लेबलावर चढू शकतो. बनवलेला शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडी बसायला वेळ लागतो. एकदा बसला की मात्र तो जपणे सर्वांत सोपे.

त्या काळी ट्रेडमार्कच्या, म्हणजे मालाच्या नावाच्या किंवा चिन्हाच्या, नोंदणीची सोयच नव्हती. भारतीय दंड संहितेतली खोट्या चिन्हांबद्दलची कलमे आणि १८८९चा मर्चंडाइज मार्क्स कायदा एवढाच लेखी आधार होता. व्यापारी दस्तनोंदणी कार्यालयात 'हे चिन्ह आमचे' असे प्रतिज्ञापत्र नोंदवत, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देत आणि वाद झालाच तर 'स्वतःचा माल आमचा म्हणून विकतो' या मुद्द्यावर दिवाणी दावा लावत. यालाच वकील मंडळी आजही 'पासिंग ऑफ' म्हणतात. ट्रेडमार्क कायदा झाला १९४० मध्ये आणि प्रत्यक्ष अमलात आला १ जून १९४२ रोजी. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५५च्या अहवालावरून १९५८चा कायदा बेतला गेला. त्यात नोंदवहीचे 'अ' आणि 'ब' असे दोन भाग होते आणि नोंदणीची मुदत ७ वर्षे होती. सध्याचा १९९९चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. त्याने दोन भाग रद्द केले, मुदत १० वर्षे केली आणि सेवांनाही नोंदणी खुली केली.

या सगळ्या कायद्यांतून एक गोष्ट सुटली नाही: आधी कोणी वापरले. आजही १९९९च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार नोंदणीधारक आपल्या आधीपासूनच्या वापरकर्त्याला रोखू शकत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१५च्या सय्यद मोहिदीन प्रकरणात पूर्ववापराचा हक्क नोंदणीहून वरचढ असल्याचे स्पष्ट केले. प्रमाणपत्र भिंतीवर लावून निर्धास्त झालेले वह्यांचे कारखानदार इथे फसतात.

पेन्सिलींच्या धंद्यातला सर्वांत महत्त्वाचा निकाल 'नटराज'चा. मुंबईच्या हिंदुस्तान पेन्सिल्सने इंडिया स्टेशनरी प्रॉडक्ट्सविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला होता. १९८९ मध्ये न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांनी त्यात म्हटले, की प्रतिवादीने नाव अप्रामाणिक हेतूने उचलले असेल, तर वादी उशिरा आला एवढ्याने तात्पुरता मनाई हुकूम नाकारता येत नाही. फसणाऱ्या ग्राहकाचे हितही पाहावे लागते. ट्रेडमार्कच्या अंतरिम अर्जांत हा निकाल आजही हटकून पुढे येतो. तरी त्याच्या भरवशावर गप्प बसू नये. कलम ३३ प्रमाणे, समोरच्याने आपले नाव नोंदवून घेतले आणि त्याचा वापर माहीत असूनही तुम्ही सलग ५ वर्षे चालू दिला, तर त्याने अर्जच वाईट हेतूने केला होता हे सिद्ध केल्याशिवाय हरकत घेता येत नाही.

नावाचा स्वभाव कसा असावा, हा प्रश्न त्याहून जुना. अशोकचंद्र रक्षित यांच्या तुपाच्या लेबलाचे प्रकरण १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. 'श्री' या शब्दावर एकट्याचा हक्क नाही असे लिहून द्या, ही ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या रजिस्ट्रारची अट न्यायालयाने उचलून धरली. वह्यांवर श्री, विद्या, ज्ञान, सरस्वती, गुरू यांची रेलचेल असते, त्या सर्वांना हा नियम लागतो. २०१५ मध्ये अगरबत्तीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धर्मग्रंथाचे नाव, तिथे 'रामायण', एका व्यापाऱ्याची मक्तेदारी होऊ शकत नाही असे ठरवले. 'अपेक्षित प्रश्नसंच', 'मार्गदर्शक', 'सुवाच्य लेखन' ही तर मालाची वर्णनेच आहेत. कलम ९ खाली आक्षेप येणार हे धरूनच चालावे. अनेक वर्षांच्या विक्रीने असे नाव एकाच प्रकाशकाशी जोडले गेल्याचे दाखवता येते, पण ते दाखवण्याचा खर्च नवीन नाव शोधण्यापेक्षा फार मोठा असतो.

महाराष्ट्रात आणखी एक खड्डा आहे. १९५०च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी आणि पंडित नेहरू यांची नावे व चित्रे आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती ट्रेडमार्क म्हणून किंवा धंद्यासाठी वापरता येत नाहीत. कॅलेंडरला सवलत आहे, तीही अरुंद: त्यावर फक्त कॅलेंडर बनवणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नाव असावे आणि कॅलेंडर मालाच्या जाहिरातीसाठी वापरलेले नसावे. दुकानाची जाहिरात छापून वाटलेले कॅलेंडर या सवलतीत बसत नाही.

पुस्तकाच्या शीर्षकाबाबत प्रकाशकांचा गोंधळ नेहमीचा. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५च्या कृषिका लुल्ला प्रकरणात सांगितले. एकाच पुस्तकाच्या शीर्षकाला ट्रेडमार्कचे संरक्षणही सहसा मिळत नाही. ते लोकांच्या मनात पक्के बसले आहे हे सिद्ध करावे लागते. मालिकेचे तसे नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७च्या कानुंगो मीडिया निकालात हा फरक मांडला आहे. इयत्तेनुसार निघणारे डायजेस्ट, दरवर्षी येणारी दिनदर्शिका, एकाच नावाच्या सरावपुस्तिका यांची नावे म्हणूनच नोंदवण्याजोगी. गाइडमध्ये पाठ्यपुस्तकातला मजकूर किती घेतला हा मात्र कॉपीराइटचा वाद आहे. तो ट्रेडमार्कने सुटत नाही आणि ट्रेडमार्क असल्याने टळतही नाही.

आता वर्गांचे, म्हणजे नोंदणीसाठी माल आणि सेवांचे जे क्रमांकवार गट पाडले आहेत त्यांचे. कागद, छापील माल, वह्या, पेन, पेन्सिल, चित्रकलेचे साहित्य, पृथ्वीगोल, तक्ते आणि शिकवण्याचे साहित्य वर्ग १६ मध्ये येते. कडेचा माल मात्र चटकन निसटतो. शाळेत वापरायचा डिंक वर्ग १६ मध्ये, पण उद्योगातला चिकटपदार्थ वर्ग १ मध्ये. लिहायची शाई वर्ग १६, छपाईची वर्ग २. दप्तर वर्ग १८, पत्ते आणि खेळ वर्ग २८, डाउनलोड होणारे ई-पुस्तक किंवा अ‍ॅप वर्ग ९, प्रकाशन आणि शिकवणी वर्ग ४१. पुस्तकावर क्यूआर कोड छापून व्हिडिओ देणाऱ्या प्रकाशकाने फक्त वर्ग १६ घेतला, तर त्याच नावाचे अ‍ॅप दुसरा कोणी काढतो आणि भांडण उगाच लांबते. उलट चूकही महागात पडते. 'वर्ग १६ मधील सर्व माल' असे लिहून फक्त वह्या विकणाऱ्याला १९९६च्या विष्णुदास ट्रेडिंग निकालाची आठवण करून दिली जाते: मोठ्या प्रकारातला एकच माल वापरायचा आणि सगळा प्रकार अडवून ठेवायचा, हे चालत नाही. शिवाय ५ वर्षे ३ महिने न वापरलेल्या मालापुरती नोंद कलम ४७ खाली काढून टाकता येते.

अर्ज करण्याआधी नोंदणी कार्यालयाच्या सार्वजनिक शोधात नाव उच्चारानेही तपासावे. विद्या, विध्या, इंग्रजी व्ही आणि डब्ल्यू, शेवटी जोडलेला एच, ही सगळी रूपे पाहावीत. नोंदणी कार्यालयाचा परीक्षक तीच पाहतो. अर्ज टीएम-ए फॉर्मवर. ऑनलाइन शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. लघुउद्योगाने उद्यम प्रमाणपत्र जोडले नाही तर सवलत अडकते. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात. अर्ज तपासून कार्यालय पाठवते त्या परीक्षण अहवालाला एका महिन्यात उत्तर द्यायचे. ते राहून गेले तर अर्ज सोडून दिला असे मानले जाऊ शकते. कार्यालयाच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये अर्जाची प्रसिद्धी झाल्यापासून ४ महिने कोणीही विरोध करू शकतो, आणि विरोधाची प्रत मिळाल्यापासून २ महिन्यांत प्रत्युत्तर दिले नाही तर अर्ज संपतो. नोंदणी झाल्याशिवाय वर्तुळातला 'आर' छापणे हा कलम १०७ खालचा दोष आहे. तोवर 'टीएम' छापावे.

नाव अक्षरांत वेगळे आणि लेबल वेगळे असे दोन अर्ज करणे परवडत असेल तर करावे. लेबलाच्या नोंदणीने त्यातल्या सुट्या भागावर हक्क मिळत नाही, आणि वह्यांची मुखपृष्ठे तर दर हंगामाला बदलतात. एकच अर्ज करायचा असेल तर नावाचा करावा.

अर्जात '२००५ पासून वापर' असे लिहिले की २०१७च्या ट्रेडमार्क नियमांतील नियम २५ नुसार प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात. इथे या धंद्याची जुनी सवय आडवी येते. बिलावर 'लाँग बुक १७२ पाने, ५० डझन' एवढेच असते, ब्रँडचे नाव कुठेच नाही. अशी शंभर बिले असली तरी नावाचा वापर सिद्ध होत नाही. बिलात नाव लिहावे, दर वर्षीच्या मुखपृष्ठाचा एक नमुना तारखेसह ठेवावा, छापखान्याचे जॉबवर्कचे बिल त्याला जोडावे.

मुखपृष्ठ आणि लोगो काढणाऱ्या चित्रकाराशी लेखी करार नसणे ही दुसरी दुखरी जागा. पैसे दिले म्हणून लोगोचा कॉपीराइट आपोआप आपल्याकडे येतोच असे नाही. कराराने हक्क लिहून घेतला पण मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

हा करार नक्कल मालावर पोलिसांचा छापा घालायच्या वेळी कामाला येतो. ट्रेडमार्क कायद्याखाली वॉरंटशिवाय झडती उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यालाच घेता येते, तीही आधी रजिस्ट्रारचे मत मागवून. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६४ खाली उपनिरीक्षक चालतो आणि असे मत लागत नाही; शिवाय कलम ६३चा गुन्हा दखलपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. म्हणून अनुभवी मंडळी लेबलाच्या चित्राची कॉपीराइट नोंदणीही करून ठेवतात. मालावर वापरायच्या चित्रासाठी त्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचे शोध प्रमाणपत्र टीएम-सी फॉर्मवर घ्यावे लागते. शाळा जूनमध्ये उघडतात, नक्कल माल एप्रिल-मेमध्ये मुंबईतल्या अब्दुल रहमान स्ट्रीटसारख्या घाऊक बाजारात उतरतो. त्यामुळे हे प्रमाणपत्र दिवाळीच्या सुमारासच मागवलेले बरे.