जावा टिकली म्हणजे भाषा टिकली की जेव्हीएम?

सन मायक्रोसिस्टिम्सने 1995 साली जाहीर केलेली जावा अजून कशी टिकून आहे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा घोटाळ्यात अडकते, कारण या एका नावाखाली दोन गोष्टी मोडतात. एक म्हणजे जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली भाषा, जी प्रोग्रामर लिहितो. दुसरी म्हणजे जावा व्हर्च्युअल मशीन अर्थात जेव्हीएम, म्हणजे तयार प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणारे सॉफ्टवेअर, जे त्या भाषेचे एक अक्षरही वाचत नाही.

यात अतिशयोक्ती नाही. कंपायलर हा अनुवादक प्रोग्राम आपल्या कोडचे बाइटकोडमध्ये, म्हणजे जेव्हीएमसाठीच्या आज्ञांमध्ये, रूपांतर करून क्लास फाइल तयार करतो आणि जेव्हीएमला कळते ती फक्त ही फाइल. ती हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या साधनात) उघडली, तर पहिल्या चार बाइटमध्ये 'कॅफेबेब' अशी अक्षरे दिसतात (निर्मात्यांची ही थट्टा पुढे कायमची होऊन बसली) आणि त्यांच्या मागोमाग आवृत्तीचा क्रमांक येतो: जावा 8 साठी 52, जावा 21 साठी 65. जावा 21 ने कंपाइल केलेली फाइल जावा 8 च्या जेव्हीएमवर चालवू गेल्यास ते ती साफ नाकारते. उलट 45 क्रमांकाच्या, म्हणजे अगदी आरंभीच्या फाइली जावा 21 चे जेव्हीएम अजूनही उघडते.

भाषेला जे ठाऊक असते, ते जेव्हीएमला ठाऊक असतेच असे नाही. 2004 च्या जावा 5 मध्ये जेनेरिक्स आले, तेव्हापासून एखाद्या लिस्टमध्ये केवळ स्ट्रिंगच (मजकूरच) ठेवता येतील अशी अट घालता येते. परंतु ती अट कंपायलर तपासतो, आणि प्रोग्राम चालू असताना ती लिस्ट नुसती लिस्ट उरते. जुना कोड मोडू नये म्हणून भाषेने पत्करलेली ही अडचण आहे, आणि माझ्या मते जावाच्या दीर्घायुष्यात नव्या सोयींपेक्षा अशा तडजोडींचा वाटा मोठा आहे.

दोन्ही गोष्टी वेगळ्या असल्याचा पुरावा व्यवहारातच मिळतो. स्काला, क्लोजर आणि कॉटलिन या भाषा जेव्हीएमवर चालतात, मात्र त्यांत जावाची एक ओळही लिहावी लागत नाही. अँड्रॉइडवर नेमके उलटे घडले: तेथे भाषा जावाच होती, पण खाली जेव्हीएम नव्हते, आधी डाल्विक आणि नंतर एआरटी या अँड्रॉइडच्या यंत्रणांनी ते काम केले.

वेगाचे श्रेयही जेव्हीएमकडेच जाते. वारंवार चालणाऱ्या मेथड (कोडचे नाव दिलेले तुकडे) हेरून त्यांचे मशीन कोडमध्ये भाषांतर ते प्रोग्राम चालू असतानाच करते, त्यामुळे वर्षानुवर्षे न उघडलेला कोडही नव्या जेव्हीएमवर पुन्हा कंपाइल न करता जलद होऊ शकतो. अर्थात सगळेच जुने निमूटपणे चालते असे नाही: 2017 च्या जावा 9 मधील मॉड्यूल व्यवस्थेपासून (कोडचा कोणता भाग बाहेरून वापरता येईल हे ती ठरवते) जावाच्या अंतर्गत क्लासेसना हात घालणारा कोड अडचणीत येऊ लागला, पण तो भाषेच्या नियमांबाहेरचाच वापर होता.

2023 मध्ये जावा 21 सोबत व्हर्च्युअल थ्रेड (एकाच वेळी अनेक कामे चालवणारे हलके धागे) पक्के झाले आणि लाखो थ्रेड एकाच वेळी उघडणे शक्य झाले. त्यासाठी भाषेत एकही नवा कीवर्ड (राखीव शब्द) आला नाही; बदल झाला तो लायब्ररीत आणि जेव्हीएमच्या पोटात, म्हणून कॉटलिनमध्ये लिहिणाऱ्यालाही ते त्याच आवृत्तीसोबत मिळाले.