कोपराचे सांधेरोपण आणि कोपराचे नेहमीचे विकार

कोपराचे सांधेरोपण : झिजलेल्या किंवा चुरा झालेल्या कोपराच्या हाडांची टोके काढून तिथे धातू व पॉलिएथिलीनचा कृत्रिम सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया. नाशिकमध्ये गुडघा बदललेला माणूस नात्यागोत्यात सापडतोच; कोपर बदललेला मात्र शोधावा लागतो. हे योग्यच आहे. कोपराच्या बहुतेक तक्रारी शस्त्रक्रियेविना बऱ्या होतात, आणि बसवलेला सांधा कष्टाच्या कामाला चालत नाही.

कोपरात दंडाचे एक आणि हाताची दोन अशी तीन हाडे एकाच आवरणात भेटतात. त्यामुळे हात दुमडतो आणि तळवा पालथा-उताणाही होतो. निरोगी कोपर पूर्ण सरळ होऊन सुमारे १४५ अंशांपर्यंत वाकतो, पण घास घेणे, वेणी घालणे, पदर सावरणे या रोजच्या गोष्टी साधारण ३० ते १३० अंशांतच उरकतात, असे १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसले. शस्त्रक्रियेचे लक्ष्यही एवढेच असते. कोपराच्या आतल्या बाजूने हाडामागून अल्नार नस जाते. तिथे आपटले की करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती याच नसेची. ही नस दबली तर करंगळी व अनामिकेला सतत मुंग्या येतात आणि पुढे पकड ढिली पडते.

सर्वांत नेहमीचा विकार म्हणजे टेनिस एल्बो. बहुतेक रुग्णांनी टेनिसची रॅकेट हातात धरलेली नसते. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला जिथे चिकटतात, तिथली कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) वारंवारच्या ताणाने खराब होते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी आली की दिवसभर डोक्याच्या उंचीवर कात्री चालते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर. दुखणे ओळखायला सोपे असते : कोपर सरळ ठेवून, मूठ आवळून मनगट वर न्यावे आणि दुसऱ्याने ते खाली दाबावे, बाहेरच्या हाडावर नेमकी कळ येते. ओला टॉवेल पिळताना तीच कळ उठते.

हे दुखणे बहुतेकांचे वर्षभरात आपोआप ओसरते. कामाची पद्धत बदलणे, धारदार आणि हाताला बेताची कात्री वापरणे, कोपराखाली पट्टा बांधणे आणि मनगट हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम, एवढ्यावर भागते. हंगाम अंगावर असल्याने पुष्कळजण ‘इंजेक्शन देऊन टाका’ म्हणतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान वाटते खरे, पण वर्षाअखेरीस असे रुग्ण इंजेक्शन न घेतलेल्यांपेक्षा मागे राहतात, असे अभ्यासांत आढळले आहे. आतल्या बाजूच्या अशाच दुखण्याला गोल्फर एल्बो म्हणतात. उपचार जवळपास तेच.

कोपराचे खरे नुकसान होते ते मोडलेल्या हाडाच्या चुकीच्या उपचाराने. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस पतंगबाजी चालते. गच्चीवरून किंवा झाडावरून पडलेल्या मुलाचे दंडाचे हाड कोपराच्या लगेच वर मोडते. मग हाडवैद्याकडे बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या जातात. सुजलेल्या हाताचा रक्तपुरवठा तुटला, तर स्नायू काही तासांतच मरू लागतात आणि बोटे कायमची आखडतात. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी १८८१ साली या व्यंगाचे वर्णन केले. बोटे गार किंवा निळी पडली, ती सरळ करताना मूल किंचाळले, तर पट्टी तिथल्या तिथे सोडावी आणि रुग्णालय गाठावे. तेल लावून जोराने चोळणेही तितकेच वाईट : कोपरासमोरच्या स्नायूत हाड तयार होते आणि सांधा जाम होतो.

सांधेरोपणाची वेळ मुख्यतः दोन प्रकारच्या रुग्णांवर येते. एक, संधिवाताने (आमवाताने) कोपर पोखरला गेलेल्यांवर. मेथोट्रेक्झेटसारखी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आणि त्यानंतर आलेली जैविक औषधे यांमुळे ही गर्दी कमी झाली. दुसरे, साधारण ६५ वर्षांपुढील ज्येष्ठ, ज्यांच्या ठिसूळ हाडाचा चुरा होऊन प्लेट-स्क्रूला धरायला जागा उरलेली नसते. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर शस्त्रक्रिया करत नाहीत.

छेद कोपराच्या मागून घेतात. आधी अल्नार नस शोधून बाजूला सांभाळून ठेवतात, मग हाडांची टोके कापून, हाडांतल्या पोकळ्या साफ करून कृत्रिम सांध्याचे दोन्ही दांडे हाडांच्या सिमेंटने पक्के करतात आणि मध्ये पिन घालून जोडतात. १९७०च्या दशकातील घट्ट बिजागरीचे सांधे लवकर ढिले होत. म्हणून आताच्या जोडीव सांध्यात बिजागरीला मुद्दाम काही अंशांची सैल हालचाल दिलेली असते. केवळ बाहेरच्या हाडाचे डोके फुटले असेल, तर तेवढेच बदलता येते.

खरी अट त्यानंतर सुरू होते. बदललेल्या हाताने एका वेळी सुमारे पाच किलोपेक्षा जास्त आणि वारंवार एक किलोपेक्षा जास्त वजन उचलायचे नाही, तेही आयुष्यभर. म्हणजे पाच लिटरचा तेलाचा कॅन ही वरची हद्द. पाण्याचा हंडा किंवा द्राक्षाची भरलेली क्रेट नाहीच. बागेत राबणाऱ्या चाळिशीच्या माणसाला हा सांधा सुचवणे म्हणूनच घाईचे ठरते. त्याच्यासाठी सांधा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया आधी विचारात घ्यावी.

कोपरावर त्वचेखाली मांस जवळजवळ नसते, त्यामुळे जखम न भरणे आणि जंतुसंसर्ग यांचा धोका गुडघा-खुब्यापेक्षा जास्त. शिवाय नसेला इजा, मागचा स्नायू कमजोर होणे आणि काही वर्षांनी सांधा ढिला पडणे हेही संभवते.

हाड मोडल्यावर पहिली धाव त्र्यंबक रोडवरील जिल्हा शासकीय रुग्णालयाकडे किंवा खाजगी अस्थिरोगतज्ज्ञांकडे असते. विमाधारक कामगारांसाठी सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे. सांधेरोपण ठरलेच, तर शल्यचिकित्सकाला वर्षाला किती कोपर करता हे विचारावे. शेकडो गुडघे बदललेला हात कोपरातही सरावलेला असतोच असे नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, याची चौकशी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे दाखल होण्याआधी करावी.