बालाघाटावर पाणी का टिकत नाही?

“डोंगरावर पाऊस भरपूर, माणसंच आळशी म्हणून गावं कोरडी,” असं मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेबद्दल वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते खोटं आहे. मांजरा नदी बीडच्या पाटोदा तालुक्यात याच डोंगरात उगम पावते, ७२४ किलोमीटर वाहते. तरी इथल्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. ढगांचं बरंचसं पाणी सह्याद्रीच उतरवून घेतो, बालाघाट पर्जन्यछायेत येतो. त्यात खाली काळा पाषाण. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, बाकीचं उतारावरून निघून जातं.

आणि आळस? दसरा-दिवाळीच्या सुमारास लेकरं आजी-आजोबांपाशी ठेवून ऊसतोडीला जाणारी, पहाटेच्या थंडीत फडात कोयता चालवणारी जोडपी याच गावांची आहेत. त्यांना आळशी म्हटलेलं मला सहन होत नाही.