चावण्याचा जोर आणि सिरॅमिक ब्रिजचा टिकाऊपणा

काढलेल्या दाताची जागा भरण्यासाठी शेजारचे दोन दात कोरून, त्यांच्यावर बसणाऱ्या कॅपना मधला कृत्रिम दात जोडून जी एकसंध रचना कायमची चिकटवली जाते, तिला दंतसेतू किंवा बोलीत ब्रिज म्हणतात. असा ब्रिज पूर्णपणे सिरॅमिकचा असेल, तर त्याचे आयुष्य पदार्थाच्या ताकदीइतकेच कॅप आणि मधला दात यांच्यातील सांध्याच्या आकारावर ठरते, आणि व्यवहारात दुर्लक्ष होते ते नेमके या सांध्याकडे.

निरोगी प्रौढ व्यक्तीने सर्व शक्ती लावून दाढा आवळल्या, तर साधारण ४०० ते ९०० न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ४० ते ९० किलो वजनाइतका जोर पडतो; पुढच्या दातांवर तो १०० ते ३०० न्यूटनच असतो. जेवताना यापेक्षा पुष्कळ कमी जोर पुरतो. घास चावताना खडा लागला की जबडा तत्काळ सैल पडतो, कारण मुळाभोवतीच्या पडद्यातील मज्जातंतू दाबाची वर्दी देतात. इम्प्लांटभोवती, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाभोवती, हा पडदा नसतो, आणि झोपेत दात खाणाऱ्यांमध्ये आवळण्यावर जागेपणीचा ताबा राहत नाही. त्यामुळे या दोन्ही परिस्थितींत ब्रिजला अधिक सोसावे लागते.

तीन दातांचा ब्रिज ही दोन टोकांवर टेकलेली तुळईच होय. मधल्या दातावर दाब आला की चावण्याच्या बाजूला ती आकुंचते आणि हिरडीकडच्या बाजूला ताणली जाते. सिरॅमिक दाब उत्तम सोसते, ताण मात्र फारसा सोसत नाही. म्हणून तडा बहुधा सांध्याच्या हिरडीकडील कडेपासून सुरू होतो. तुळईचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि उंचीच्या घनाच्या प्रमाणात घटते. गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, दुप्पट झाला की वाकणे आठपट होते, आणि सांध्याची उंची निम्मी केली तरीही आठपटच. तीन दातांच्या ब्रिजसाठी सांध्याचे छेदक्षेत्र झिर्कोनिया या अतिशय कणखर सिरॅमिकमध्ये सुमारे ९, तर लिथियम डायसिलिकेट या काचयुक्त सिरॅमिकमध्ये सुमारे १६ चौरस मिलिमीटर ठेवतात, ते यामुळेच. दाढ मुळात बुटकी असेल तर एवढी उंची मिळत नाही. सांधा फुगवला तर खाली ब्रश पोहोचत नाही आणि हिरडी सुजते. दात सुटे दिसावेत म्हणून लॅबमध्ये पातळ चकतीने सांध्यात खोल, टोकदार खाच पाडली, तर ताण त्याच टोकाशी एकवटतो. देखणेपणासाठी दिलेली ही किंमत फार मोठी आहे.

पदार्थांतील अंतरही मोठे आहे. जुन्या फेल्डस्पारयुक्त पोर्सिलेनचे वाकण्याला विरोध करणारे बल ६० ते १०० मेगापास्कल (१ मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १ न्यूटन), लिथियम डायसिलिकेटचे ३५० ते ४००, तर इट्रिया हे ऑक्साइड मिसळलेल्या पारंपरिक झिर्कोनियाचे ९०० ते १,२०० मेगापास्कल असते. झिर्कोनियात तडा पुढे सरकू लागला की टोकाजवळील स्फटिकांची रचना बदलते, त्यांचे आकारमान सुमारे चार टक्के वाढते आणि तडा आवळला जातो. हा गुण १९७५ साली प्रथम मांडला गेला. त्यामुळे झिर्कोनियाचा सांगाडा क्वचितच मोडतो, पण त्यावर चढवलेल्या पोर्सिलेनचे टवके उडण्याची तक्रार बरीच आढळते. अखंड झिर्कोनियाचा ब्रिज ही तक्रार टाळतो. मात्र त्याच्या अधिक पारदर्शक प्रकारांची ताकद कमी असते, हे निवडताना पाहावे लागते.

तरीही एकाच जोरदार चाव्यापेक्षा लाखो साध्या चाव्यांनी होणारी झीज अधिक निर्णायक ठरते. काचयुक्त सिरॅमिकमध्ये लाळेतील पाणी तड्याच्या टोकाशी असलेले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध हळूहळू तोडते, आणि मोडण्याइतका जोर नसतानाही तडा वाढत राहतो. म्हणून प्रयोगशाळेत नमुने पाण्यात ठेवून, सुमारे १२ लाख आघात म्हणजे पाच वर्षांचे चर्वण असे गृहीत धरून तपासले जातात. बसवल्यानंतर कार्बन कागदावर उमटलेला उंच ठिपका डॉक्टर बर, म्हणजे घासायचे बारीक फिरते हत्यार, फिरवून घासतात; तो भाग नंतर नीट पॉलिश केला नाही, तर खरखरीत राहिलेले झिर्कोनिया समोरचा नैसर्गिक दात झिजवते, आणि त्या ओरखड्यांतूनच पुढचा तडा निघू शकतो.