नवीन माणूस मागण्याआधी एवढं वाचा

लातूर व परिसरातील दुकानदार, मिलवाले आणि छोट्या कारखानदारांसाठी

आम्ही दुकानांना, कारखान्यांना कामाला माणसं मिळवून देतो. आमच्या ऑफिसात रोज सकाळी येणारा फोन साधारण असा असतो. "एक चांगलं पोरगं पाठवा, उद्यापासून." काम काय, असं विचारलं की उत्तर येतं, "दुकानातलंच की." पगार? "काम बघून देऊ." मग आम्ही अर्ध्या पानाचा फॉर्म पुढे केला की मालक वैतागतात. माणूस मागितला तर कागद कशाला, असं त्यांना वाटतं. हे पत्रक त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

गंजगोलाईजवळच्या एका हार्डवेअर दुकानाला आम्ही बारावी झालेला, बिलिंग येणारा मुलगा दिला. मागणी काउंटरसाठीच होती. तिसऱ्या दिवशी त्याला सिमेंटच्या गोण्या उतरवायला लावलं. चौथ्या दिवशी दुपारी शेटजींच्या लेकराला ट्यूशनवरून आणायला पाठवलं. त्यात थोरले बंधू म्हणायचे आधी बिलं कर, धाकटे म्हणायचे आधी गोडाऊन लाव. पाचव्या दिवशी मुलगा आलाच नाही, फोनही बंद. दुपारी आम्हाला फोन आला, "कसलं पोरगं दिलंत हो!" पोरगं चांगलंच होतं, आज ते दुसऱ्या दुकानात बिलिंगच करतंय.

आमच्याकडे परत येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथंच असतं: ठरवलेलं काम एक आणि करायला लावलेलं दुसरं. गोण्याही उचलाव्या लागणार असतील तर तसं आधी सांगा. तसली कामं करणारी माणसंही आमच्याकडे आहेत, ती वेगळी. म्हणून फॉर्ममध्ये पहिला प्रश्न दिवसभरात नेमकं काय करायचं हा आहे, आणि दुसरा, हुकूम कुणाचा चालणार. मालकाचा, भावाचा की मुनीमजींचा, एकच नाव लिहा. घरात तीन भाऊ असतील तर तेवढं आपसांत ठरवूनच आमच्याकडे या.

पगाराचा आकडा बोला, आणि हातात किती पडणार तेही बोला. समजा 14,000 ठरले आणि तुम्हाला ईएसआयसी (कामगार विमा) लागू आहे. मग कामगाराचे पाऊण टक्क्याने 105 रुपये आणि व्यवसाय कराचे 200 कापून हातात 13,695 येतात. तुमच्या बाजूने सव्वातीन टक्के, म्हणजे 455 वेगळे भरावे लागतात. पीएफ लागू असेल तर त्याची कपात आणखी निराळी. हे आधी सांगितलं नाही तर पहिल्या पगाराच्या दिवशी मुलाला वाटतं मालकाने पैसे मारले, आणि मग समजावायला आम्हालाच बोलावता. किमान वेतनाच्या खालची मागणी मात्र आम्ही घेत नाही, घासाघीस करू नये.

"पहिला महिना मागे ठेवतो, म्हणजे पळून जात नाही" ही पद्धत सोडा. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे कामगार कायदे लागू झाले आहेत. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायचा, माणसाने काम सोडलं की दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा, आणि प्रत्येकाला नेमणूक पत्र द्यायचं. पत्राचा मराठी नमुना आमच्याकडे तयार असतो, तो आमच्या फीमध्येच येतो. आधार किंवा मार्कशीटच्या मूळ प्रती ठेवून घेऊ नका, झेरॉक्स पुरे.

उचलीचंही तसंच. वीस हजार हातात ठेवले की माणूस बांधला गेला, असा समज आपल्याकडे ऊसतोडीमुळे पक्का बसलाय. दुकानात उलटं होतं. फेडणं जड गेलं की तो फोन उचलत नाही, पैसाही गेला आणि माणूसही. जून महिन्यात लेकरांच्या वह्या-पुस्तकांपुरती रक्कम जरूर द्या, पण वहीत लिहून, दोघांच्या सह्या घेऊन, हप्ता ठरवून.

सुट्टीचं आधीच बोलून घ्या. आठवड्याची एक सुट्टी द्यावीच लागते, त्यात चर्चा नको. येळवशीला (वेळ अमावस्येला) तसंही शहर रिकामं होतं. खरी अडचण सोयाबीन काढणीला येते. औसा, रेणापूर, चाकूरकडच्या निम्म्या पोरांच्या घरी शेत आहे, ती जाणारच. किती दिवस जाणार हे रुजू होतानाच लिहून घ्या. तुम्ही पंधरा दिवस आधी सांगितलंत तर आम्ही आठ-दहा दिवसांसाठी बदली माणूस देतो. ऐन काढणीत फोन केलात तर आमच्याकडेही कुणी नसतं.

आणखी एक, हे ऐकायला आवडणार नाही. काम सोडून आलेल्याला आम्ही कारण विचारतो. पगार कमी म्हणणारे थोडे असतात. "गिऱ्हाइकांसमोर बोलले" हे जास्त ऐकू येतं. चूक झाली तर रागवा, पण शटर ओढल्यावर.

आम्ही दोन-तीन दिवस का घेतो, असंही विचारतात. आधीच्या मालकाला फोन करतो, घरचा पत्ता पडताळतो, आणि अर्धा दिवस तुमच्याकडे काम करून दाखवायला पाठवतो. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे तुम्ही द्यायचे. उद्याच्या उद्या माणूस देणारेही गावात आहेत, त्यांच्याकडून जरूर घ्या. आमची निम्मी फी माणूस रुजू झाल्यावर आणि निम्मी महिना भरल्यावर असते. महिन्याच्या आत तो गेला तर एकदा दुसरा माणूस फुकट देतो, मात्र फॉर्म भरलेला असेल आणि काम बदललं नसेल तरच.

फॉर्म ऑफिसात मिळेल, भरून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तरी चालतो. दसरा-दिवाळीच्या गर्दीसाठी माणूस हवा असेल तर गणपती उठले की लगेच सांगा. घटस्थापनेनंतर आलेल्या मागण्या आम्ही लिहून घेतो, पण तारखेचा शब्द देत नाही.