अगापँथस कुंडीत का वाढला : एक मागोवा

चाळीसगावच्या घरी माझ्याकडे छत्रीसारख्या गुच्छात निळी फुले देणाऱ्या अगापँथस या झाडाच्या चार कुंड्या आहेत. रोपवाटिकेतून त्या आणल्या तेव्हा प्रत्येकीत खोचलेल्या पट्टीवर ‘अगापँथस आफ्रिकानस, सदाहरित’ असे लिहिलेले होते. पट्टीवरचे जातीचे नाव चुकीचे होते. ‘सदाहरित’ हा शब्द बरोबर असला तरी त्याचा खरा अर्थ मला दोन उन्हाळ्यांत दोन रोपे गमावल्यावर कळला. हे झाड आपल्याकडे कसे सांभाळावे या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्याच्या इतिहासात आहे, असे माझे मत झाले आहे आणि म्हणून तो इतिहास थोडा सविस्तर मांडत आहे.

अगापँथस ही मूळची दक्षिण आफ्रिकेच्या टापूतली प्रजाती आहे. ‘लिली ऑफ द नाईल’ या इंग्रजी नावामुळे ती मिसरमधली असावी असा समज होतो, परंतु नाईल नदीशी तिचा काहीही संबंध नाही. या प्रजातीतील बहुतेक जाती पानगळीच्या आहेत, म्हणजे हिवाळ्यात त्यांची पाने सुकतात आणि जमिनीखालचा जाड गड्डा तेवढा जिवंत राहतो. वर्षभर पाने टिकवणाऱ्या जाती दोनच, आफ्रिकानस आणि प्रीकॉक्स. आफ्रिकानस ही केप प्रांताच्या पश्चिम भागातली, जिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि डोंगरावरची झुडपे वणव्यात जळून गेल्यावर ती भरभरून फुलते. प्रीकॉक्स ही पूर्व केप आणि क्वाझुलू-नाताळ भागातली. तिथला हिवाळा सौम्य असतो आणि मोठा पाऊस उन्हाळ्यात येतो, त्यामुळे पाने टाकून जमिनीखाली दडून बसण्याची वेळ या झाडावर येत नाही. आपल्या सातपुड्यातली कळलावी पावसात उगवते, फुलते आणि पुढे जमिनीवर नामोनिशाण न ठेवता नाहीशी होते, कारण तिला खानदेशचा उन्हाळा ठाऊक आहे. सदाहरित अगापँथसला तो ठाऊक नाही. एप्रिल-मेमध्येही त्याची पाने पाणी मागत राहतात, आणि ‘सदाहरित’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ हाच आहे.

युरोपात हे झाड सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचले. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1652 मध्ये केपला ठाणे वसवले, तिथे जहाजांना ताजा भाजीपाला पुरवणारी बाग केली, आणि परतीच्या जहाजांवरून केपमधले कंद हॉलंडला जाऊ लागले. त्याच डच कंपनीची वखार त्या काळी सुरतेत होती आणि सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी रस्ता नंदुरबारवरून, म्हणजे आपल्या तापीखोऱ्यातूनच जात असे. केपला थांबणारी जहाजे आपल्या दारापर्यंत येत होती, परंतु बागेची झाडे मात्र उलट दिशेने गेली, या योगायोगाचे मला नेहमी नवल वाटते. डान्झिगचा व्यापारी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ याकोब ब्रेन याने 1679 मध्ये या झाडाचे वर्णन केले. त्याने त्याला छत्रीसारख्या गुच्छात निळी फुले देणारा आफ्रिकेचा हायसिंथ (कंदापासून येणारे एक फुलझाड) म्हटले होते. इंग्लंडमध्ये हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात ते 1692 पर्यंत रुजले होते. तेथील राणी दुसरी मेरी हिला परदेशी झाडांचा मोठा नाद होता आणि लग्नानंतरची, राणी होण्याआधीची तिची वर्षे हॉलंडमध्ये गेली होती.

कुंडीची परंपरा इथूनच सुरू होते. उत्तर युरोपातला बर्फ सदाहरित पानांना सोसत नसे. म्हणून तिथल्या माळ्यांनी हे झाड जमिनीत न लावता मोठ्या लाकडी टपांत लावले, टपांना उचलण्यासाठी कड्या ठेवल्या आणि थंडी पडू लागली की ते टप संत्र्याच्या झाडांसाठी बांधलेल्या काचेच्या दालनांत हलवले. मे महिन्यात थंडीचा धोका टळला की टप पुन्हा अंगणात येत. अगापँथस ‘कुंडीतले झाड’ म्हणून ओळखला जातो तो या व्यवस्थेमुळे. त्याच्या मायदेशी तो उतारावरच्या मोकळ्या जमिनीत मोठमोठी बेटे करून वाढतो. विसाव्या शतकाच्या मध्याला लुईस पामर यांनी इंग्लंडमध्ये हेडबोर्न संकर तयार केले ते बर्फ सोसणारे आणि बहुतांशी पानगळीचे, त्यामुळे तिकडे टपांची गरज कमी झाली. आपल्याला त्या संकरांचा फारसा उपयोग नाही.

नावाचा इतिहासही बोलका आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये हे झाड क्रायनम या प्रजातीत घातले. आपल्याकडे कुंपणाजवळ, आडाजवळ लावला जाणारा नागदवणा याच क्रायनम प्रजातीतला. पुढे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने 1789 मध्ये त्याला वेगळे काढून ‘प्रेम’ आणि ‘फूल’ या दोन ग्रीक शब्दांपासून अगापँथस हे नाव दिले. त्यानंतर ते लिलीच्या कुळात गेले, मग कांद्याच्या कुळात, मग त्याचे स्वतंत्र कूळ करण्यात आले, आणि 2009 च्या वर्गीकरणात अमरिलिसच्या मोठ्या कुळात येऊन स्थिरावले. नागदवणा आणि कांदा हे दोघेही आता त्याच कुळात आहेत. नागदवण्याचा चिकट रस आणि अगापँथसचे पान मोडल्यावर बोटांना लागणारा बुळबुळीत रस एकामागोमाग पाहिला की लिनियसची नजर अगदीच चुकली नव्हती, असे वाटते.

जातींचा गोंधळ मात्र रोपवाटिकांत अजून निस्तरलेला नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्सेस लेटन यांनी 1965 मध्ये दहा जाती मानल्या होत्या. झोनेव्हेल्ड आणि डंकन यांनी 2003 मध्ये पेशींतील डीएनएचे प्रमाण आणि परागकणांचा रंग तपासून त्या सहांवर आणल्या. परंतु आफ्रिकानस हे नाव सर्वांत जुने आणि लक्षात राहणारे असल्यामुळे जगभर प्रीकॉक्सची रोपे त्याच नावाने विकली जातात. आपल्या दृष्टीने ही केवळ पट्टीवरची चूक नाही. खरा आफ्रिकानस हिवाळी पावसाचा आणि रेताड, दगडाळ जमिनीचा. तो बागेत जगवणे त्याच्या देशातही अवघड मानतात आणि आपल्या श्रावणातल्या पावसात त्याचा गड्डा कुजण्याचीच शक्यता अधिक. माझ्या कुंड्यांतली रोपे पावसाळ्यात जोमाने वाढतात, दांडा तीन फुटांच्या वर जातो आणि फुलाच्या पाकळ्या पातळ असतात. ही सारी लक्षणे प्रीकॉक्सची आहेत.

भारतात अगापँथस रमला तो डोंगरांवर. उटकमंडची (उटीची) सरकारी बाग 1848 मध्ये आखली गेली. तशाच थंड हवेच्या ठिकाणी, निलगिरीत आणि पूर्वेकडच्या टेकड्यांवर, इंग्रजांच्या बंगल्यांभोवती आवडीने लावली जाणारी झाडे टिकली आणि पुढे तिथल्या लोकांचीही झाली. अगापँथस त्यांपैकी एक. पारा 44-45 अंशांवर जाणाऱ्या जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात तो कोणी मुद्दाम आणण्याचे कारण नव्हते.

आपल्याकडच्या दोन अडचणी म्हणजे काळी माती आणि वैशाखाचे ऊन. काळी माती पावसात फुगून पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळ्या तोडते. म्हणून जमिनीत लावायचाच असेल तर मुरूम, गिरणा नदीची वाळू आणि कुजलेले शेणखत घालून केलेल्या उंच वाफ्यात, भिंतीच्या पूर्वेला लावावा. माझी पहिली दोन रोपे वाफ्यात नव्हे, गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांत गेली. दुसरे रोप मेल्यावर मी कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढला. पूर्वेकडच्या मुळ्या करंगळीएवढ्या जाड, पांढऱ्या आणि रसरशीत होत्या. पश्चिमेकडच्या कुंडीला चिकटून शिजल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या आणि दाबल्यावर त्यांची साल हातात येत होती. पाणी कमी पडले नव्हते, कुंडीची भिंत तापली होती. तेव्हापासून मी मातीच्या जाड कुंड्या वापरतो. मुळ्या दाटल्याशिवाय अगापँथस फुलत नाही असे सांगतात; त्यात थोडे तथ्य आहे, पण फार दाटल्या तर मातीची कुंडी तडकते, म्हणून तीन वर्षांनी फुले संपल्यावर धारदार सुरीने गड्ड्याचे भाग करतो आणि त्या रोपांकडून पुढच्या वर्षी फुलांची अपेक्षा ठेवत नाही.

फुलांसाठी त्याला थोडी थंडीही लागते, आणि ती देण्याच्या बाबतीत खानदेश कंजूष नाही. पौषातल्या ज्या रात्री आमच्याकडे शेकोट्या पेटतात, त्या रात्री कुंड्या उघड्यावरच असाव्यात. युरोपातले माळी थंडी सरल्यावर टप अंगणात आणत, आपण मात्र थंडी सरल्यावर कुंड्या आत घ्यायच्या. मी होळी झाल्यावर त्या उत्तरेच्या ओट्यावर हिरव्या जाळीखाली सरकवतो, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी आलेल्या भाच्या त्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी घालतात, आणि दसऱ्यानंतर चारही कुंड्या पुन्हा गच्चीवर जातात.